शौलाचे चिलखत आणि मधाचे झाड

शास्त्रपाठ : १ शमुवेल १७:३८-४०, अनुवाद २२:६-८



मागच्या अंकात आपण मेळघाटातील मध काढणाऱ्या कोरकू बांधवांसाठी झाडावर चढण्याच्या साधनांचे आवाहन केले होते. त्याला उत्तर म्हणून आलेल्या पत्रांपैकी एका पत्राने मला पावसाळाभर विचार करायला लावला. आपल्याच एका मंडळीतील वडीलधाऱ्या भगिनींनी लिहिले होते की त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, तेथे परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो, आणि त्यासाठी झाडावर बसायचे दोन जुने ‘सॅडल’ त्याच्याकडे पडून आहेत. तो ते पाठवायला तयार आहे. पाठवू का?

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येत नव्हते. आधी हे सॅडल म्हणजे काय तेच पाहावे लागले. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याला ही वस्तू परिचयाची नाही. अमेरिकेत शिकारी पहाटे अंधारात झाडावर चढतो आणि पंधरा-वीस फुटांवर तासन् तास न हलता बसतो. पूर्वी त्यासाठी लोखंडी माचाण वापरत. सॅडल हा त्याला पर्याय. कंबर आणि बैठक यांना धरणारा रुंद कापडी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना जोडणारा पुढचा दोर, आणि तो दोर ज्यात अडकवायचा असा झाडाच्या खोडाला डोक्याच्या उंचीवर बांधलेला दुसरा दोर. माणूस पाय खोडाला किंवा छोट्या फळीला टेकवून मागे रेलतो. चढताना आणखी एक दोर खोडाभोवती वळसा घालून कमरेला दोन्ही बाजूंनी अडकवतात. आपले वायरमन खांबावर वापरतात तसाच. दिसायला सुटसुटीत, वजनाला हलका. चित्र पाहून मीच म्हटले, हे तर आपल्यासाठीच केलेले दिसते.

इथेच थांबून दावीदाकडे पाहू या.

गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौलाने आपले स्वतःचे कपडे, पितळी टोप आणि चिलखत घातले. या प्रसंगावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि बहुतेकांत शौलाचे चिलखत म्हणजे जगाची शक्ती, गोफण म्हणजे विश्वास, असा अर्थ लावलेला असतो. मला वचन वाचताना दुसरेच दिसते. चिलखत वाईट नव्हते. राजाचे होते, म्हणजे त्या छावणीतले सर्वांत उत्तम असणार. देणाऱ्याचा हेतूही त्या घडीला चांगला होता. आणि दावीदाने ते पाहताक्षणी नाकारले नाही. त्याने ते अंगावर चढवले, वर तलवार बांधली, चालून पाहिले. मग सांगितले की याचा मला सराव नाही, आणि उतरवून ठेवले. जी गोफण त्याने मेंढरे राखताना वर्षानुवर्षे वापरली होती तीच त्याने घेतली. दगडसुद्धा ओढ्यातून निवडून, गुळगुळीत असेच घेतले. साधन निवडण्याचा हा धडा आहे, आणि आपल्यासारख्या देणगीवर काम करणाऱ्यांना त्याची फार गरज आहे. आपण बहुधा शौलाच्या जागी असतो.

ते मी अनुभवाने सांगतो. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा मदत द्यायची ठरली तेव्हा निवड मी एकट्याने केली. बांधकामावरचे मजूर बांधतात तसे कमरेचे पट्टे घेतले. स्वस्त होते, त्याच पैशात दुप्पट नग आले, आणि अहवालात आकडा छान दिसला. त्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या एका अर्जुनाच्या झाडावरून एका मध काढणाऱ्या बांधवाचा पाय सुटला. अर्जुनाची साल पापुद्र्यांनी निघते, हे त्याला माहीत होते, पण अंधार होता. पट्ट्याने त्याला धरले. पण तो पट्टा कमरेवरून सरकून बरगड्यांवर आला, दोन बरगड्या मोडल्या, आणि तो वाकलेल्या स्थितीत हवेत लोंबकळत राहिला. खाली तिघे उभे होते. त्याला उतरवायचे कसे हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण मी ते सांगितलेच नव्हते. त्याच्या चुलत भावाने वर चढून, माश्या अंगावर घेत, त्याला फांदीवर ओढून घेतले. प्रभूच्या दयेने तो आज चालतो, पण झाडावर चढत नाही. त्याच्या घरात मधाचे पैसे आता येत नाहीत.

नंतर वाचले तेव्हा कळले की पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी नुसता कमरेचा पट्टा वापरण्यास अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनी १ जानेवारी १९९८ पासूनच मनाई केली आहे. कारण तेच. सगळा झटका पोट आणि बरगड्यांवर येतो, पट्टा वर सरकतो, किंवा माणूस त्यातून निसटतो.

तर आता शिकाऱ्याचे सॅडल आणि आपले मधाचे झाड. शिकारी वर जाऊन बसतो. त्याला शांतता हवी, वजन कमी हवे, तासन् तास बसून पाय दुखू नयेत एवढे हवे. आपला माणूस काय करतो? आग्यामोहोळ उंच झाडाच्या आडव्या फांदीला खालून लोंबते, पुष्कळदा खोडापासून दूर. साठ-सत्तर फूट उंची नवलाची नाही. तेथे तो एका हाताने धूर करतो, दुसऱ्याने पोळे कापतो, भांडे दोरीने खाली सोडतो. काम अर्ध्या तासाचे. आणि माश्या उलटल्या तर त्याला काही क्षणांत खाली यावे लागते. बसण्याचे साधन आणि पळून येण्याचे साधन एक असत नाही.

दुसरी अडचण आगीची. पारंपरिक पद्धतीत ओल्या पानांची पेटती चूड वर नेतात, ठिणग्या पडतात. हलक्या सॅडलचा पुढचा दोर बहुधा ज्या अतिमजबूत पॉलिथिलीन धाग्याचा असतो, तो वजनाच्या मानाने पोलादाहूनही मजबूत, पण साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो. नायलॉन २०० च्या पुढे, पॉलिएस्टर २५० च्या आसपास टिकतो. जळते कोलीत यांपैकी प्रत्येकाला भारी आहे, पण पहिला सर्वांत आधी जातो. तिसरी अडचण अशी की ही सॅडल वापरलेली. किती उन्हात राहिली, कधी झटका बसला का, हे दुरून सांगता येत नाही. चांगले उत्पादकसुद्धा कापडी साधनांना फार तर दहा वर्षांचे आयुष्य देतात, आणि मोठा झटका बसला की त्याच दिवशी बाद करायला सांगतात. जुने स्वेटर आपण आनंदाने वाटतो. जुना दोर कोणाला देऊ नये, आणि घेऊही नये.

मग घ्यायचे काय? या वेळी मी एकट्याने ठरवले नाही. धारणी तालुक्यातील ज्या पाड्यावर काम आहे तेथील पाच मध काढणारे आणि गिर्यारोहण शिकवणारे एक परिचित गृहस्थ यांना एकत्र बसवले. जे ठरले ते लिहितो. इतर मंडळ्याही अशा कामाला हात घालत आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

सर्वांत आधी हार्नेस. तो पूर्ण शरीराचा हवा, म्हणजे खांदे, छाती, कंबर आणि दोन्ही मांड्या यांना धरणारा. भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपीय ईएन ३६१ हा शिक्का त्याच्या शिवलेल्या चिठ्ठीवर असावा. दुकानदाराच्या तोंडी हमीला अर्थ नाही. या हार्नेसवर पुष्कळ कड्या असतात आणि गोंधळ तेथेच होतो. छातीवरची किंवा पाठीवरची जी कडी पडण्यापासून झेलण्यासाठी असते तिच्याजवळ युरोपीय मानकानुसार ‘ए’ हे अक्षर असते. कमरेच्या दोन बाजूंच्या कड्या फक्त खोडाला वळसा घालून रेलण्यासाठी. त्या दोन कड्यांच्या भरवशावर कोणी पडू नये. आम्ही छातीच्या कडीभोवती लाल सुतळी गुंडाळली, म्हणजे जाळीतून पाहतानाही चूक होणार नाही.

मापाबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण दावीदाची अडचण मापाचीच होती असे मला वाटते. शौल इतर सर्व लोकांपेक्षा खांद्याने उंच होता, हे शास्त्रच सांगते. कोरकू बांधवांची अंगकाठी सडपातळ. बाजारातला ‘सर्वांना बसणारा’ हार्नेस शेवटच्या छिद्रापर्यंत ओढूनही मांडीला सैल राहतो, आणि सैल मांडीपट्टा झटक्याच्या वेळी जी इजा करतो ती येथे लिहिण्यासारखी नाही. कसोटी सोपी आहे. मांडी आणि पट्टा यांच्यामध्ये सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. मग जमिनीपासून फूट-दीड फुटावर चिंचेच्या फांदीला त्या माणसाला दहा मिनिटे लटकवून ठेवावे आणि विचारावे, कुठे रुतते? पहिल्या दिवशी आम्ही चार प्रकारचे हार्नेस असे लटकवून पाहिले. सर्वांत महाग होता त्यात एकालाही दहा मिनिटे बसवेना. पाचांतील वयाने मोठे असलेल्या काकांनी तो उतरवून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, हा मोठ्या साहेबाच्या मापाचा आहे.” मला दावीदच आठवला.

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मध काढताना हातमोजे, अंगभर जाड कपडे आणि तोंडावर जाळी असते. हार्नेस त्या कपड्यांवरून बांधायचा, म्हणून माप त्या कपड्यांसकट घ्यावे. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप करणारी कडी, तीही हातमोजे घालूनच उघडून पाहावी. स्क्रूने बंद होणारी असावी. साध्या उघड्या स्प्रिंगची कडी फांदीला घासून उघडू शकते. हेल्मेट जाळीच्या आत बसले पाहिजे. हनुवटीचा पट्टा नसेल तर ते वर जाण्याआधीच खाली येते.

दोराच्या बाबतीत आमच्या बैठकीत खूप चर्चा झाली. तरुणांचे म्हणणे, आम्हाला शहरातल्यासारखे दोरावरून वर चढायला शिकवा. दोरावर सरकणाऱ्या आणि ओढ बसताच आवळणाऱ्या गाठीने तसे चढता येते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ती गाठ १९३१ पासून प्रसिद्ध आहे. पण काका म्हणाले, चढायला आम्ही जन्मापासून शिकलो आहोत, पडायचे तेवढे थांबवा. तेच मानले. चढणे त्यांच्या पद्धतीने, बांबूच्या खुंट्यांनी किंवा वेलाच्या शिडीने, जसे ते नेहमी चढतात. त्यात फक्त वरच्या मजबूत फांदीवरून आलेला एक दोर छातीच्या कडीला, आणि त्याचे दुसरे टोक खाली जमिनीवरच्या साथीदाराच्या हार्नेसवरील ब्रेकमध्ये. वरचा चढेल तसा खालचा दोर आवळत जातो. दोर कधी सैल राहू द्यायचा नाही. यात वरच्याचा पाय सुटला तरी तो दोन-चार फुटांपलीकडे पडत नाही, आणि खालचा त्याला लगेच जमिनीवर उतरवू शकतो. माझ्या मनातून ते तीन जण अजून जात नाहीत, जे खाली उभे राहून फक्त वर पाहत होते. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठते आणि थोड्या मिनिटांतही शुद्ध हरपू शकते. म्हणून उतरवण्याची सोय नसलेला हार्नेस देऊच नये.

दोर आतून धाग्यांचा गाभा आणि बाहेरून विणलेले आवरण अशा प्रकारचा, ११ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा. ईएन १८९१ मधील ‘ए’ प्रकार. असा दोर तुटायला किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ओढ लागते. लांबी झाडाच्या उंचीच्या दुपटीहून अधिक हवी. ऐंशी फुटांच्या झाडाला वर जाऊन परत येणारा दोर एकशेसाठ फूट होतो, गाठींना आणि ब्रेककडे वेगळा, म्हणून ६० मीटर घेतला. बैल बांधायचा पिवळा प्लास्टिकचा दोर बाजारात तिप्पट लांबीचा मिळतो त्याच पैशात. तो घेऊ नये. उन्हाने कडक होतो आणि गाठ धरत नाही.

फांदी निवडणे हे मात्र विकत मिळत नाही. ओली, जिवंत, खोडाजवळ मांडीएवढी जाड, आणि पोळ्याच्या शक्य तितकी माथ्यावर. दोर बाजूच्या फांदीवरून आला आणि पाय सुटला, तर माणूस झोक्यासारखा जाऊन खोडावर आपटतो. दोर टाकायचे काम आदल्या दिवशी, पोळ्याला धक्का न लावता करायचे, आणि चढण्यापूर्वी दोघांनी एकदम दोराला लोंबकळून पाहायचे. पेटती चूड बंद. तिच्या जागी मधमाशीपालनात वापरतात तो भात्याचा धूरयंत्र, जो नुसता गार धूर सोडतो.

आता दुसरे वचन. अनुवादाच्या बावीसाव्या अध्यायात दोन आज्ञा एकापाठोपाठ येतात आणि आपण त्या वेगवेगळ्या वाचतो. पहिली : वाटेत झाडावर पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घे, पण आईला सोडून दे. लगेच पुढची : नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाही तर कोणी वरून पडले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. झाड आणि छत. जे उंचावर राहते त्या जिवाची काळजी, आणि जो उंचावरून पडेल त्याची काळजी. देवाने त्या शेजारी ठेवल्या.

आग्यामोहोळाच्या पोळ्यात मध वरच्या जाड भागात असतो, अंडी-अळ्या खालच्या भागात. घाईत आणि अंधारात माणूस पूर्ण पोळे तोडतो, कारण त्याला लवकर खाली यायचे असते. दोराने बांधलेला, भीती नसलेला माणूस फक्त मधाचा भाग कापू शकतो आणि पिलांचा भाग फांदीला तसाच ठेवू शकतो. माश्या राहतात, पोळे पुन्हा भरते. मी हे आधी पुस्तकी समजत होतो. मागच्या चैत्रात काकांनी तसे केले आणि काही आठवड्यांनी त्याच पोळ्यातून पुन्हा मध काढला. कठड्याची आज्ञा पाळली म्हणून घरट्याची पाळता आली.

कठड्याच्या आज्ञेत दोष कोणावर येतो तेही पाहा. पडणाऱ्यावर नाही, घर बांधणाऱ्यावर. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला तेव्हापासून मध हे गौण वनोपज म्हणून गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना आहे. आपण त्यांना बाटल्या देतो, चिठ्ठ्या छापतो, नाताळच्या विक्रीत तो मध आपल्या मंडळ्यांत विकतो. मागणी वाढली की माणूस एक झाड जास्त चढतो. म्हणजे त्या छताचे बांधकाम काही अंशी आपलेही आहे.

काही विश्वासू मंडळी मला म्हणाली, इतका खर्च कशाला, आपण प्रार्थना करतो ना? प्रार्थना करतोच. पण मंदिराच्या शिरोभागावर उभे करून सैतानाने प्रभूला नेमके हेच सुचवले होते, की देवदूत झेलतील, उडी टाक. प्रभूने काय उत्तर दिले ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आपण सर्वांनी वाचले आहे.

देखभालीचे थोडक्यात. मध आणि मेण दोरावर सांडतेच. मेण गाठीला निसरडे करते, मध धूळ धरतो, आणि ती धूळ आतून धागे कापते. प्रत्येक हंगामानंतर दोर गार किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. मग संपूर्ण दोर बोटांतून ओढत न्यायचा. कुठे कडक, पोकळ किंवा फुगीर लागला तर तेथे कापून टाकायचा. प्रत्येक संचासाठी शाळेची एक वही केली आहे. खरेदीची तारीख, वापराचे दिवस, झटका बसला का. वही पाड्यावर राहते, आमच्या कार्यालयात नाही. ती आमच्या त्या बांधवाने सांभाळायला घेतली आहे, ज्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. खाली उभे राहून दोर धरण्याचे कामही आता तोच सर्वांना शिकवतो.

त्या भगिनींना मी लिहिले की सॅडल पाठवू नका. पत्र लिहायला जड गेले, तीन वेळा फाडले. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले. मुलाला राग आला नाही. उलट त्याने एका संध्याकाळी फोनवर चित्र दाखवत पाड्यावरच्या सर्वांना सांगितले की तो चढण्याआधी प्रत्येक शिवण आणि प्रत्येक दोर कसा तपासतो. आमचे लोक लक्ष देऊन पाहत होते. शेवटी काकांनी विचारले, वर गेल्यावर किती वेळ बसता? चार-पाच तास, तो म्हणाला. आणि हरीण आले नाही तर? मग तसाच उतरतो. यावर सगळे इतके हसले की पुढचे काही ऐकू येईना.

सध्या तीन संच आहेत. पाचांचे पैसे जमले होते, पण पूर्ण घ्यायचे ठरले म्हणून तीनच आले. चौथ्याचे पैसे त्या मुलाने पाठवले आहेत. तो संच माणूस ठरून त्याचे माप घेतल्याशिवाय मागवणार नाही. मार्चमध्ये, मोहोळे भरण्याआधी, चिंचेखाली पुन्हा सराव आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आधी कळवावे, म्हणजे जेवणाची सोय करता येईल.